सांगड ते आउटबोर्ड : गोदाकाठच्या बोटीची गोष्ट

हौसेची मोटरबोट हा विषय तलवाड्यात बसून लिहायचा म्हटला तर वाचकाला हसू येणे साहजिक आहे. बीड जिल्हा म्हटले की लोकांना दुष्काळ, टँकर आणि ऊसतोडीला निघालेल्या गाड्या आठवतात. बोट आठवत नाही. आमच्या गावची देवी त्वरिता, पण तिच्या नावातली त्वरा गावाच्या वाट्याला क्वचितच आलेली. तरीही गेवराई तालुक्याची उत्तर शीव म्हणजे गोदावरी आहे. पांचाळेश्वर, राक्षसभुवन ही तीर्थे तिच्या काठावर आहेत, आणि पलीकडे जालना जिल्ह्यात शहागड. या काठाने माणसे नदी कशी ओलांडत होती, त्यासाठी त्यांच्याकडे काय साधन होते आणि आज काय आहे, याचा शोध घेता घेता मी एका यंत्रापाशी येऊन थांबलो. ते यंत्र म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला अडकवायचे इंजिन, आउटबोर्ड मोटर. सरकारी कागदात आणि जवानांच्या बोलण्यात त्याला ‘ओबीएम’ म्हणतात. हे यंत्र जन्मले हौसेसाठी. आमच्याकडे मात्र ते पोहोचले ते फक्त संकटाच्या वेळी. या एका फरकाने त्याचे आमच्याकडचे नशीब कसे ठरले, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

तर, उतार आणि सांगड

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. त्या काळच्या मराठीत नदी ओलांडण्याचे शब्द भरपूर होते. ‘उतार’ म्हणजे पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा. ‘तर’ म्हणजे नावेने पलीकडे पोहोचवण्याची व्यवस्था आणि ती नावही. ‘डोण’ म्हणजे एका लाकडाची कोरलेली होडी. ‘सांगड’ म्हणजे दोन डोण्या, दोन ओंडके किंवा भोपळे एकमेकांना बांधून केलेले तरंगते साधन. एकटी डोण लाटेत कलंडते, दोन बांधल्या की तोल राहतो. आपण आज दोन गोष्टींची ‘सांगड घालतो’, ती मुळात अशी पाण्यावरची आहे.

उतार कुठे, कोणत्या महिन्यात पाणी मांडीला लागते, कोणत्या महिन्यात छातीला, हे ज्ञान काठच्या भोई, कोळ्यांकडे होते. ते कागदावर नव्हते, म्हणून त्याला इतिहासाच्या पुस्तकात जागा नाही. पण त्या ज्ञानाला किती किंमत होती, हे राक्षसभुवनच्या लढाईवरून कळते. १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी निजामअलीच्या फौजेचा तिथे पराभव केला. या लढाईची चर्चा आपण राघोबादादांचा बचाव, तरुण पेशव्याचे धाडस या अंगाने करतो. नदीच्या अंगाने पाहिले तर चित्र साधे आहे. निजाम फौजेचा एक भाग घेऊन उत्तर तीरावर उतरून गेला होता. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर होता. गोदेला श्रावणातला पूर. पेशव्यांची फौज येऊन आदळली, विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि पलीकडचा निजाम आपल्या माणसांना कुमक पाठवू शकला नाही. तोफा होत्या, हत्ती होते, खजिना होता; भर पुरात जलद ये-जा करणारे साधन तेवढे नव्हते. एका दिवसात पाण्याच्या एका पट्ट्याने दख्खनचे राजकारण फिरवले.

सुमारे १८२ वर्षांनी, १९४५च्या मार्चमध्ये, दोस्तांच्या फौजांनी जर्मनीत ऱ्हाईन नदी ओलांडली. तेव्हा अमेरिकी सैनिकांच्या हलक्या होड्यांना मागे आउटबोर्ड मोटरी लावलेल्या होत्या. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की या यंत्राने माणसाला काय दिले ते समजते.

एका सहलीतून निघालेले यंत्र

पाण्यावर पेट्रोलचे इंजिन प्रथम चालवले ते जर्मनीत. गॉटलिब डाइमलर यांनी १८८६ साली नेकार नदीत मोटरबोट चालवून दाखवली. पेट्रोलच्या भडक्याला लोक घाबरतील म्हणून त्यांनी बोटीवर तारा आणि चिनी मातीचे चिमटे लावून ती विजेवर चालते असा देखावा केला होता, असे सांगतात. पण ते इंजिन बोटीच्या पोटात बसवलेले होते. ते उचलून दुसऱ्या होडीला लावता येत नव्हते.

उचलता येणाऱ्या इंजिनाचे प्रयत्न अमेरिकेत १८९६च्या सुमारास सुरू झाले. डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०५ साली मोटरसायकलच्या इंजिनावरून असे यंत्र तयार केले. ‘आउटबोर्ड’ हे नाव रुळवण्याचे श्रेयही त्यांनाच देतात. तरी ते घराघरांत नेले ओले एव्हिनरूड यांनी. १८७७ साली नॉर्वेत जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत विस्कॉन्सिनला आला. शाळा फारशी झाली नाही. यंत्रे तो कारखान्यांत काम करत शिकला. त्याच्याबद्दलची आख्यायिका प्रसिद्ध आहे. तळ्याकाठी सहलीला गेले असता बेस कॅरी या मैत्रिणीला आइस्क्रीम हवे झाले, ओले वल्ही मारत पलीकडच्या काठावर जाऊन घेऊन आला, आणि येईपर्यंत ते वितळले. गोष्ट खरी किती, रंगवलेली किती, हे सोडून देऊ. पुढचे मात्र पक्के आहे. बेसशी त्याचे लग्न झाले, तिने त्याच्या धंद्याचे हिशेब आणि जाहिराती सांभाळल्या, आणि १९०९ साली मिलवॉकीत आउटबोर्ड मोटरींची विक्री सुरू झाली. यंत्र दीड अश्वशक्तीचे, वजन सुमारे २८ किलो. वल्ही फेकून द्या, असे तिच्या जाहिरातीचे सांगणे होते. सहलीच्या माणसांसाठी केलेल्या या यंत्राला लवकरच स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांची मागणी आली. हौसेच्या वस्तूचे पोटापाण्याच्या वस्तूत रूपांतर व्हायला फार वर्षे लागली नाहीत.

पुढची वंशावळ मोठी आहे. १९२१मध्ये ओलेने ॲल्युमिनियम वापरून हलके दुहेरी सिलिंडरचे यंत्र काढले. १९३९मध्ये कार्ल किखेफर यांची मर्क्युरी आली. जपानमध्ये तोहात्सूने १९५६मध्ये, यामाहाने १९६०मध्ये आणि सुझुकीने १९६५मध्ये आउटबोर्ड बाजारात आणले. आपल्या देशात किनाऱ्यावर, विशेषतः केरळात, १९८०च्या दशकात हजारो पारंपरिक होड्यांना अशी इंजिने लागली. एव्हिनरूडची मूळ कंपनी मात्र २०००मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि नव्या मालकांनी २०२०मध्ये ते उत्पादनच बंद केले. आइस्क्रीमपासून सुरू झालेले घराणे शंभर वर्षे चालून संपले. त्याने घालून दिलेला आकार जगभर राहिला.

कोरडी नदी, उभे पाणी

आमच्याकडे या यंत्राची गरज उत्पन्न केली ती धरणाने. जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातले. हैदराबाद संस्थानच्या काळात धरणाची पहिली कल्पना तिथली होती. पुढे जागा बदलून ती पैठणला गेली. नाव तेवढे आमच्या जिल्ह्याचे राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. भिंत सुमारे १० किलोमीटर लांब, दरवाजे २७, आणि मागे सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा नाथसागर. उजवा कालवा आमच्या तालुक्यातून माजलगावच्या धरणाकडे जातो.

धरणाच्या खाली नदीचा स्वभाव दोनदा बदलला. प्रथम तिचे वाहणे आटले. उन्हाळ्यात पात्रात वाळूच दिसू लागली. नंतर आपेगाव, हिरडपुरी यांसारखे उच्च पातळी बंधारे झाले आणि जिथे पूर्वी उतार होते तिथे वर्षभर उभे पाणी राहू लागले. शेतीला याचा फायदा झाला, यात शंका नाही. पण पायवाट बुडाली. जुन्या माणसांना ठाऊक असलेले उतार निरुपयोगी झाले आणि भोई मंडळींचे ज्ञान एका पिढीत कालबाह्य झाले. तिसरा बदल पावसाळ्याचा आहे. धरण भरले की दरवाजे उघडतात आणि एरवी शांत असलेली नदी काही तासांत काठ सोडते. २००६च्या ऑगस्टमध्ये हे झाले, २०२५च्या सप्टेंबरअखेरीस पुन्हा झाले. त्या सप्टेंबरात बीड जिल्ह्यात माणसे बाहेर काढायला हेलिकॉप्टर लागले.

जलाशयाच्या वरच्या अंगालाही हेच. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुले फुगवट्याचे पाणी थर्माकोलच्या तराफ्यावरून ओलांडून शाळेत जातात, ही बातमी २०२३मध्ये छापून आली आणि उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. म्हणजे १८५७च्या कोशातली सांगड एकविसाव्या शतकात थर्माकोलची झाली, एवढाच फरक.

इंजिन कशाने मरते

आता यंत्राकडे वळतो. आउटबोर्डची रचना समजली की पुढचा मुद्दा आपोआप उलगडतो. वर झाकणाखाली इंजिन, मधून खाली जाणारा उभा दांडा, तळाशी गिअर आणि त्याला पंखा. सगळे मिळून एकच जोडणी, जी दोन शिकंज्यांनी मागच्या फळीला आवळायची. फळीच्या उंचीप्रमाणे दांडा आखूड किंवा लांब घ्यावा लागतो. साधारण ३८ आणि ५१ सेंटिमीटर ही दोन प्रचलित मापे. आखूड फळीला लांब दांड्याचे इंजिन लावले तर ते उथळ पाण्यात तळाला घासते. उलट केले तर पंखा हवा ओढतो आणि बोट जागची हलत नाही.

मोटारीसारखा रेडिएटर याला नसतो. नदीचे पाणीच आत ओढून इंजिन थंड केले जाते. ते काम एक लहान रबरी चक्र करते, त्याला इंपेलर म्हणतात. इंजिन चालू असताना मागून बारीक पाण्याची धार बाहेर पडते. जाणता चालक दोरी ओढल्यावर पहिल्यांदा ती धार पाहतो. धार नाही म्हणजे पाणी चढत नाही, आणि पाणी चढत नाही म्हणजे काही मिनिटांत इंजिन जळणार. म्हणूनच हे इंजिन कोरड्यावर चालवून पाहायचे नसते. पिंपात पंखा बुडवून किंवा पाण्याच्या नळीची टोपी लावूनच ते सुरू करायचे. गोदेच्या पुराचे पाणी म्हणजे निम्मा गाळ. तो गाळ त्या रबराला कानशीसारखा घासतो. काम झाल्यावर स्वच्छ पाण्याने इंजिन धुतले नाही तर गाळ आतल्या वाटांत सुकून बसतो. गिअरचे तेल दुधाळ दिसले तर सील गेले आणि पाणी शिरले असे समजावे. पंख्याला दोरी, साडी किंवा ठिबकची नळी गुंडाळली गेली तर सीलच फाटते. आणि पुरात हे सगळे तरंगत असते.

पण इंजिन वापराने जितके झिजते, त्याहून अधिक ते न वापरल्याने बिघडते. टाकीत राहिलेले पेट्रोल काही महिन्यांत शिळे होते, कार्बोरेटरच्या केसाएवढ्या छिद्रांत चिकट थर जमतो. इंपेलरच्या पात्या एकाच बाजूला वाकून तशाच कडक होतात. आता यात इथेनॉलची भर पडली आहे. देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. बहुतेक आउटबोर्ड उत्पादकांच्या पुस्तिका मात्र १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, आणि साठवून ठेवलेल्या टाकीत ते पाणी घेऊन तळाशी बसते. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसापासून होते, आणि तो ऊस तोडायला आमच्याच जिल्ह्यातली माणसे जातात. त्यांच्या घामाचा थेंब त्यांच्याच गावच्या बचाव बोटीचे इंजिन अडवू शकतो, असे हे वर्तुळ आहे.

गोदाकाठच्या माणसाला इंजन नवे नाही. नदीतून पाणी उचलणारे डिझेलचे इंजन माझ्या पिढीने पाहिले, पुसले, हँडल मारून सुरू केले. ते वर्षानुवर्षे टिकले, कारण रोज संध्याकाळी त्याच्याजवळ कोणीतरी जात होते. यंत्र चालणे हे यंत्रावर जेवढे अवलंबून असते तेवढेच त्याच्याकडे जाणाऱ्या माणसावर.

रोजचे पाणी आणि वर्षाचे पाणी

२००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर बोटी गावपातळीपर्यंत येऊ लागल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. ती माणसे तयारीची आहेत, पण तिथून आमच्या काठापर्यंत येण्यात जे तास जातात, ते काठच्या लोकांनाच निभवावे लागतात. त्या तासांसाठी रबरी बोट आणि ओबीएम दिलेले असते. अशा एका ठिकाणी मी मे महिन्यात चौकशी केली. बोट होती, नोंदवहीत नोंद होती, इंजिनावर ताडपत्री होती. शेवटचे कधी सुरू केले, या प्रश्नाला उत्तर मिळाले, ‘गेल्या पुरात.’ उत्तर देणाऱ्या माणसात मला आळस दिसला नाही. त्याच्या कामाच्या यादीत इंजिन ‘सांभाळणे’ होते, ‘चालवणे’ नव्हते. त्यासाठी पेट्रोलची तरतूदही नव्हती.

चालवणाराही तयार लागतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरात अडकलेल्या गावकऱ्यांची बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. बोट गावाचीच होती, आणि तिच्यात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे बसली होती. पाणी चढत असताना, मागे लेकराबाळांचा आक्रोश असताना, ‘आता बस, पुढच्या फेरीला या’ हे शब्द उच्चारायला अधिकार लागतो. तो अधिकार वर्षभर बोट चालवणाऱ्या माणसाकडे असतो. वर्षातून एकदा दोरी ओढणाऱ्याकडे तो कुठून येणार?

याउलट जिथे पाणी रोजचे आहे तिथे काय घडले, ते कोयनेच्या शिवसागराकाठी पाहावे. धरणाने कांदाटी खोऱ्यातली गावे तुटली. बामणोली, तापोळा इथल्या स्थानिकांनी बोट क्लब उभे केले. शनिवार-रविवारी पर्यटक फिरवणारी बोटच गावकऱ्यांच्या रोजच्या ये-जा करण्याच्या उपयोगी पडते. सगळे सुरळीत आहे असे नाही. खिरखिंडीच्या मुली शाळेसाठी स्वतः होडी वल्हवत होत्या आणि २०२२मध्ये त्यांच्याही बाबतीत न्यायालयाला लक्ष घालावे लागले. तरी एक गोष्ट त्या काठावर आहे जी आमच्याकडे नाही : धारेकडे पाहणारा डोळा आणि इंजिनाचा आवाज ओळखणारा कान. पर्यटकाच्या तिकिटातून पेट्रोल येते, पेट्रोलने इंजिन फिरते, फिरते म्हणून गावात मिस्त्री टिकतो.

आमच्या काठावर इंजिन रोज फिरवणारा एकच धंदा होता आणि आहे, तो वाळूचा. भीमेपासून गोदेपर्यंत उपशाच्या बोटी महसूल खात्याने जाळल्याच्या, स्फोटाने उडवल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या कारवाईला माझा विरोध नाही. वाळू गेली तर नदी जाते. पण पाण्यावरच्या इंजिनाचे सगळे कसब एका बेकायदा धंद्याकडे एकवटावे आणि कायदेशीर बचावाचे इंजिन ताडपत्रीखाली पडून राहावे, यात आपल्या व्यवस्थेचे अपयश आहे.

बोटीला सरळ हौसेच्या स्वाधीन करा, असेही मला म्हणायचे नाही. नाथसागराला १९८६मध्ये पक्षी अभयारण्य घोषित केले आहे. तिथे वेगाच्या बोटी फिरू लागल्या तर हिवाळ्यात येणारी बदके उठून जातील. २००८च्या नोव्हेंबरात मुंबईत उतरलेले दहशतवादी रबरी होडीला आउटबोर्ड लावूनच आले होते. त्या इंजिनाच्या क्रमांकावरून माग पाकिस्तानातल्या खरेदीपर्यंत गेल्याचे न्यायालयात मांडले गेले. म्हणून बोटीची नोंदणी, तपासणी आणि विमा हवाच. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात त्याची तरतूद आहे.

प्रश्न उरतो तो रोजच्या पाण्याचा. अभयारण्याबाहेर, बंधाऱ्यांच्या उभ्या पाण्यावर, राक्षसभुवन-पांचाळेश्वरच्या यात्रेकरूंना दोन्ही काठ दाखवणारी एखादी फेरी, काठच्या भोई तरुणांच्या सहकारी संस्थेकडे सोपवलेली. आठवड्याला ठरलेले तास पाण्यावर, जीवरक्षक जॅकेट अंगावर. आणि दरवाजे उघडल्याचा भोंगा वाजला की तीच बोट, तोच चालक बचावासाठी. यात नवीन काही खरेदी करावे लागत नाही. आहे त्या इंजिनाला माणूस द्यावा लागतो. मे महिन्यात दर वर्षी इंपेलर बदलणे, गिअरचे तेल पाहणे, टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरणे, हे त्याच्या कामात आपोआप येईल, कारण त्याची रोजची भाकरी त्यावर असेल.

ओले एव्हिनरूडने हौसेसाठी केलेले यंत्र मच्छीमाराने पोटासाठी घेतले आणि सैनिकाने नदी जिंकायला वापरले. ज्या काठावर हौस, पोट आणि संकट ही तिन्ही कामे एकाच बोटीकडे राहिली, तिथे ते टिकले; आपण त्यातले फक्त संकट उचलले. आमच्या पूर्वजांनी दोन डोण्या बांधून पूर ओलांडला, कारण एकटी कलंडते हे त्यांना माहीत होते. त्यांनी त्यासाठी दिलेला शब्द आपण रोज वापरतो. या पावसाळ्याआधी तो एकदा पाण्यावर वापरून पाहायला हवा.